जठर किंवा आतड्याला भोक पडणं : नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज भागात सर्जन म्हणून काम करताना ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर जे प्रश्न कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे प्रश्न बहुतेक वेळा रात्री आणि घाईत विचारले जातात. तेव्हा सविस्तर उत्तर द्यायला सवड नसते, म्हणून इथे निवांत लिहिलं आहे. कुणाचं पोट आत्ता, या क्षणी जोरात दुखत असेल तर पहिले चार प्रश्न वाचा आणि निघा. बाकीचं नंतर वाचता येईल.

भोक पडलं म्हणजे आत नेमकं काय झालं?

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत एक सलग नळी असते. जठरात आम्ल असतं, पुढे पित्त आणि अर्धवट पचलेलं अन्न, आणि मोठ्या आतड्यात मळ व अगणित जंतू. हे सगळं नळीच्या आत आहे तोवर त्याचा त्रास नाही. नळीच्या बाहेरची पोटाची पोकळी मात्र निर्जंतुक असते. नळीची भिंत आरपार फुटली की आतला ऐवज या पोकळीत सांडतो, पोकळीच्या पातळ आवरणाला सूज येते, पू होतो आणि जंतुसंसर्ग रक्तात शिरतो. रिपोर्टवर ‘परफोरेशन’ लिहिलेलं असतं. गावाकडे ‘अल्सर फुटला’, ‘आतडं फुटलं’ म्हणतात. गोष्ट तीच.

साधं गॅसचं दुखणं आणि हे दुखणं, यातला फरक घरच्या माणसाला कळू शकतो का?

बऱ्याच वेळा कळतो. अल्सर फुटला की दुखणं एका क्षणात सुरू होतं. रुग्ण वेळ सांगू शकतो: ‘जेवण करून उठलो आणि कळ आली’, ‘पहाटे धार काढताना एकदम दुखलं’. गॅसचं किंवा अपचनाचं दुखणं असं वेळ धरून येत नाही. ते हळूहळू वाढतं, कमी-जास्त होतं, ढेकर आली की हलकं वाटतं.

दुसरी खूण म्हणजे रुग्ण कसा पडून आहे. मुतखड्याचा माणूस तळमळतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. भोक पडलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन गप्प पडून राहतो, कारण हललं की दुखतं. श्वाससुद्धा वरच्यावर घेतो. गाडी खड्ड्यातून गेली की ओरडतो. आम्ही वॉर्डात रुग्णाला नुसतं ‘खोका’ म्हणतो. त्याला खोकताच आलं नाही, हात पोटावर गेला, तर अर्धं निदान तिथेच होतं.

तिसरी खूण पोटाची. हात ठेवला तर पोट कडक लागतं, दाबलं तरी दबत नाही, आणि हे कडकपण रुग्णाने ठरवूनही सैल करता येत नाही. काहींना खांद्याच्या टोकाला दुखतं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला आम्ल लागलं की त्याच्या नसेमुळे खांद्यात कळ जाणवते. खांदा दुखतो म्हणून मलम चोळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. सत्तरीपुढची माणसं, मधुमेही, आणि दमा किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉईड घेणारे यांच्यात या खुणा फार अंधुक असतात. पोट थोडंच दुखतं, ताप नसतो, नुसतं ‘बरं वाटत नाही’, जेवण नको, आणि माणूस गुंगल्यासारखा. अशा आजी-आजोबांना ‘वयोमानाने होतंय’ म्हणून घरी ठेवू नका.

रात्री खूप दुखत होतं, आता कमी झालंय. सकाळी नेलं तर चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

जठरातलं आम्ल पोकळीत सांडलं की पहिल्या काही तासांत भाजल्यासारखी असह्य वेदना होते. त्यानंतर शरीर त्या जागी स्वतःचं पाणी ओततं. आम्ल पातळ होतं आणि दुखणं खरोखरच उतरतं. रुग्ण उठून बसतो, म्हणतो, ‘बरं वाटतंय, उगाच त्रास दिला तुम्हाला.’ घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणलेली गाडी परत पाठवतात. पण भोक तसंच उघडं असतं, आणि याच मधल्या वेळात पातळ झालेल्या त्या पाण्यात जंतू वाढत असतात. काही तासांनी पोट फुगू लागतं, नाडी जोरात पळते, तोंड कोरडं पडतं, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात. या टप्प्यावर आलेल्या रुग्णाचं ऑपरेशनही अवघड आणि नंतरची लढाईही लांब.

उशिराची किंमत किती असते, याचा एक चांगला अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्सर फुटलेल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तपासली होती. रुग्णालयात दाखल झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता २.४ टक्क्यांनी घटत गेल्याचं त्यात दिसलं. हे दाखल झाल्यानंतरचे तास. जत किंवा आटपाडीच्या वाडीवरून निघायला लागलेले, वाटेत दोन दवाखाने करण्यात गेलेले तास त्यात धरलेलेच नाहीत.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी काय द्यायचं?

तोंडाने काहीही नाही. पाणीसुद्धा नाही. पोटात जे जाईल ते भोकातून बाहेर सांडणार आहे, आणि भूल देतानाही पोट रिकामं असलेलं बरं. इनो, सोडा, लिंबूपाणी, ओवा, हिंग, काही नको. एरंडेल तर मुळीच नको. ‘पोट साफ झालं की बरं वाटेल’ म्हणून पाजलेलं एरंडेल किंवा दिलेला एनिमा सुजलेल्या आतड्याला जोराने हालचाल करायला लावतो आणि फुटायच्या बेतात असलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणं, नळ भरले म्हणून दाबून घेणं, गरम पाण्याची पिशवी ठेवणं, हे सगळं टाळा. यामागे घरच्या बायकांची माया असते हे मला माहीत आहे. इतर दुखण्यांत चोळण्याने आराम पडलेला असतो, म्हणूनच त्या करतात. इथे मात्र त्याने घाण आणखी पसरते.

१०८ ला फोन करा. गाडी घरची असेल तर रुग्णाला जसं पडून बरं वाटतं तसं झोपवा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, साखरेच्या आणि दुखण्याच्या. आणि थेट अशा ठिकाणी जा जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रात्री चालणारं ऑपरेशन थिएटर आहे. तसं नसलेल्या जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून रात्र काढू नका.

पण भोक पडतंच कशाने? माणूस कालपर्यंत ठणठणीत होता.

आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांत सगळ्यांत जास्त वेळा जठराच्या लगेच पुढचा, ग्रहणीचा (म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याचा) सुरुवातीचा भाग फुटलेला सापडतो. तिथे आधीपासून अल्सर, म्हणजे व्रण असतो. कित्येकांना तो असल्याचं कधी कळलेलंच नसतं. फुटणं हीच त्याची पहिली खबर.

अल्सर होण्याचं मोठं कारण म्हणजे जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तिखट खाण्याने, काळजी करण्याने अल्सर होतो अशी समजूत खूप वर्षं होती. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू वाढवून दाखवला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तेव्हा कोल्हापुरी तिखटाला दोष देणं सोडून द्या. झणझणीत खाऊन जळजळ वाढेल, भोक पडायला बाकीची कारणं लागतात.

दुसरं मोठं कारण दुखण्याच्या गोळ्या, आणि याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमसुलाइड, अॅस्पिरिन या गोळ्या जठराचं संरक्षक अस्तर कमकुवत करतात. तासगावकडे द्राक्षाच्या छाटणीचे दिवस आले, ऊसतोड सुरू झाली, की कंबर आणि गुडघे दुखणारच. मेडिकलमधून सुटी गोळी घ्यायची, चहाबरोबर उपाशीपोटी टाकायची आणि कामाला लागायचं, असं हंगामभर चालतं. त्याहून वाईट म्हणजे कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या रंगीबेरंगी गोळ्या. नाव नाही, गाव नाही. त्यात अनेकदा दुखण्याची गोळी आणि स्टेरॉईड दोन्ही असतात, म्हणून तर गुडघा दोन दिवसांत पळायला लागतो. ही जोडी अल्सरसाठी फार घातक आहे, वर फुटल्यावर पोट दुखण्याची खूणही स्टेरॉईड दाबून टाकतं.

तिसरं कारण विडी-सिगारेट. धूम्रपानाने व्रण भरत नाही आणि फुटण्याचा धोका वाढतो. रिकाम्या पोटी दारू त्यात भर घालते. जंतू, गोळ्या आणि विडी, तिन्ही एकाच माणसात असणं आमच्या भागात मुळीच दुर्मीळ नाही.

टायफॉईडने आतडं फुटतं हे खरं आहे का?

खरं आहे, आणि ते बहुतेक तरुण पोरांत आणि शाळकरी मुलांत होतं. टायफॉईडचा जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींत घर करतो. ताप अंगात मुरला, दुसरा-तिसरा आठवडा उजाडला, की त्या गाठींवर व्रण पडतात आणि एखादा आरपार जातो. पंधरा दिवस ताप येऊन गेलेल्या मुलाचं पोट अचानक दुखायला लागलं, फुगलं, तर टायफॉईडची आठवण आलीच पाहिजे. यात कधीकधी फसवणूक अशी होते की ताप उतरतो आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. नाडी मात्र त्याच वेळी वाढलेली असते.

टायफॉईडच्या निदानासाठी नुसत्या विडाल या रक्ततपासणीवर विसंबू नये. पहिल्या आठवड्यात ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि आधी टायफॉईड होऊन गेला असेल तर उगाच पॉझिटिव्ह येते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहणं, अधिक भरवशाचं. आणि दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका.

२००५, २०१९, २०२१ ला कृष्णा-वारणेचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना विहिरी आणि पाइपलाइन कशा घाण होतात हे सांगायला नको. पूर ओसरल्यावर पाणी उकळून प्या. टायफॉईडची कॉन्ज्युगेट लस सहा महिन्यांपुढच्या बाळांनाही देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये सार्वजनिक मोहिमेत ती मुलांना दिली होती. आपल्याकडे खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते.

आणखी कशाने होऊ शकतं?

अपेंडिक्स वेळेत काढलं नाही तर फुटतं. आतड्याचा क्षय, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आतड्याच्या भिंतीवरच्या फुग्यांना आलेली सूज, आतड्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटणं, अडकलेला हर्निया. गिळलेला माशाचा काटा. क्षयाच्या रुग्णात आतडं फुटलं तर ऑपरेशननंतर किमान सहा महिने क्षयाची औषधं घ्यावीच लागतात, नाहीतर टाका घालूनही पुन्हा फुटण्याची भीती राहते.

सायकलवरून पडून हँडल पोटात घुसलं. वरून जखम नाही. तरी दाखवायचं का?

दाखवायचंच. हँडलचा टोकाचा दांडा, बैलाचं शिंग, मळणीयंत्राचा फटका, गाडीचा पट्टा, यांनी आतडं मणक्यावर चिरडलं जाऊ शकतं आणि वर कातडीवर फक्त गोल निळसर वण दिसतो. अशी आतडी कधीकधी लगेच गळत नाहीत, एक-दोन दिवसांनी गळतात. म्हणून पहिल्या दिवशीची सोनोग्राफी चांगली आली तरी डॉक्टर मुलाला चोवीस तास ठेवून घेतात आणि पुन:पुन्हा पोट तपासतात. हट्ट करून डिस्चार्ज घेऊ नका.

मुलाने खेळण्यातला चपटा सेल गिळला. शी-वाटे पडेल ना?

वाट पाहू नका. चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती भाजायला सुरुवात होते. एक्स-रे तातडीने हवा. दोन किंवा जास्त लोहचुंबक गिळले असतील तर तेही तितकंच गंभीर: आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत सडवून भोक पाडतात. उलटी करवू नका. नाणं, गोटी जठरापुढे सरकली असेल तर बहुधा आपोआप पडते, पण ते ठरवायचं एक्स-रे पाहूनच.

जोराच्या उलट्यांनंतर छातीत दुखू लागलं. त्याचा इथे काय संबंध?

अन्ननलिका फाटलेली असू शकते. उलटी आधी आणि छातीतलं दुखणं नंतर, हा क्रम डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाहीतर हार्ट अटॅक समजून वेळ जातो. मानेच्या कातडीखाली हवा शिरली तर बोटाने दाबल्यावर करकर लागते. सगळ्या परफोरेशनमध्ये हे सर्वांत धोक्याचं.

कोणत्या तपासण्या करतात?

निदानाचा मोठा भाग हात आणि कान यांवर होतो. त्यानंतर छातीचा उभ्याने काढलेला एक्स-रे. फुटलेल्या भोकातून हवा सुटते आणि ती सगळ्यात वर चढते, म्हणजे पोट आणि छातीमधल्या पडद्याखाली. फिल्मवर उजव्या बाजूला, यकृताच्या वर, बारीक काळी कोर दिसते. ती पाहिली की बाकी चर्चा थांबते. पण हवेला वर चढायला वेळ लागतो, म्हणून रुग्णाला आठ-दहा मिनिटं टेकवून बसवून मग एक्स-रे काढतात. दुखणाऱ्या माणसाला बसवून ठेवलं म्हणून नातेवाईक चिडतात. त्या दहा मिनिटांमुळे निदान पक्कं होतं. ज्याला बसताच येत नाही त्याला डाव्या कुशीवर झोपवून काढतात.

रक्तातल्या पेशी, क्रिएटिनीन, सोडियम-पोटॅशियम, साखर, लॅक्टेट आणि रक्तगट हेही पाहतात. अमायलेज हे पाचकद्रव्य रक्तात थोडं वाढलेलं सापडलं म्हणून स्वादुपिंडाची सूज असं लगेच ठरवू नये. परफोरेशनमध्येही ते वाढतं.

एक्स-रे नॉर्मल आला. मग सीटी स्कॅन कशाला, खर्च वाढवायला?

साधारण चारांपैकी एका रुग्णात भोक असूनही एक्स-रेवर हवा दिसत नाही. भोक लहान असतं किंवा चरबीचा पडदा त्यावर चिकटलेला असतो. सीटीमध्ये हवेचे अगदी बारीक बुडबुडेही दिसतात, भोक अंदाजे कुठे आहे ते कळतं आणि ऑपरेशनचा छेद कुठे घ्यायचा ते ठरतं. उलट, एक्स-रेवर कोर स्पष्ट आहे, पोट कडक आहे, रुग्ण खालावतोय, तर सीटीसाठी थांबणं चुकीचं. सीटी दुसऱ्या गावात असेल तर आणखीच चुकीचं. एक्स-रेवर पांढरं उमटणारं बेरियम पाजून तपासणी मात्र अशा संशयात कधीच करत नाहीत, ते पोकळीत सांडलं तर मोठी सूज आणतं. गरज पडली तर पाण्यात विरघळणारं औषध वापरतात.

दुखण्याचं इंजेक्शन दिलं तर निदान चुकेल, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पूर्वी असंच शिकवायचे. आता तसं मानत नाहीत. शिरेतून दिलेल्या वेदनाशामकाने रुग्ण शांत होतो, पोट नीट तपासू देतो आणि कडकपण लपत नाही. माणसाला तळमळत ठेवण्यात काही शहाणपण नाही.

ऑपरेशन तातडीचं म्हणता आणि रुग्णाला सलाईन लावून ठेवलंय. का?

पोकळीतली सूज शरीरातलं कित्येक लिटर पाणी ओढून घेते. रक्तदाब घसरलेला, लघवी बंद, अशा माणसाला तशीच भूल दिली तर तो टेबलावरच जायचा. म्हणून शिरेतून भराभर सलाईन, अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारं इंजेक्शन, नाकातून नळी टाकून जठर रिकामं करणं आणि लघवीची नळी, एवढं आधी. तासाला लघवी किती होतेय यावरून शरीर सावरतंय का ते कळतं. ही तयारी म्हणजे उपचाराची सुरुवातच आहे. ती एक-दोन तासांत उरकायची असते, रात्रभर नाही.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात?

पोट उघडलं की आधी हिरवट-पिवळं पाणी शोषून काढतात. त्यात कधी भाताची शितं, ज्वारीच्या भाकरीचे कण, गिळलेल्या गोळीचं कवचही मिळतं. मग भोक शोधतात. ग्रहणीवरचं भोक बहुधा पाच-सहा मिलिमीटरचं असतं. एवढ्या लहान भोकाने धट्टाकट्टा माणूस आडवा पडलेला असतो.

त्याच्या कडा सुजून इतक्या ठिसूळ झालेल्या असतात की नुसतं ओढून शिवलं तर भिजलेल्या कागदात दोरा घातल्यासारखा टाका कापत जातो. म्हणून आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी चरबीची झालर, ओमेंटम, जिवंत रक्तपुरवठ्यासकट ओढून भोकावर बसवतात आणि तीन-चार टाक्यांनी हलकेच बांधतात. टाका आवळला तर झालरीचा रक्तपुरवठा तुटतो, सैल राहिला तर गळतं. ओमेंटमने भोक बुजवण्याची पद्धत ब्रिटनमधल्या सेलन-जोन्स यांनी १९२९ मध्ये आणि टोरोंटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये मांडली. आजही मिरजेत असो की लंडनमध्ये, बहुतेक ठिकाणी तत्त्व हेच. शेवटी कोमट सलाईनने पोकळी, यकृताच्या वर, ओटीपोटात, वेटोळ्यांच्या मध्ये, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतात. या धुण्यात घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. नंतरच्या पुवाच्या गाठी बऱ्याचदा इथल्या राहिलेल्या कोपऱ्यातून होतात.

भोक जठराचं असेल तर कडेचा तुकडा तपासायला पाठवतात, कारण तिथे कॅन्सरही असू शकतो. लहान आतड्याला एकच भोक असेल तर कडा ताज्या करून शिवतात. भोकं जास्त असतील किंवा तो भाग खराब असेल तर तेवढा तुकडा काढून टोकं जोडतात.

दुर्बिणीतून होत नाही का? आणि ऑपरेशन न करता औषधावर?

दुर्बिणीतून होतं, चांगलं होतं. पण रुग्ण स्थिर हवा, लवकर आलेला हवा आणि सर्जनचा हात त्यात बसलेला हवा. शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णाच्या नातेवाइकांनी दुर्बिणीचा आग्रह धरू नये.

औषधावर बरं होणारे थोडे असतात: भोक स्वतःहून चिकटून बंद झालंय, तपासणीत गळती नाही, पोट मऊ आहे. त्यांना दाखल करून, उपाशी ठेवून, तासातासाला तपासावं लागतं आणि बिघडलं तर लगेच टेबलावर घ्यावं लागतं. घरी गोळ्या खाऊन हे होत नाही. कोलोनोस्कोपी करताना क्वचित भोक पडतं. ते तिथल्या तिथे लक्षात आलं आणि आतडं साफ असेल तर दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करता येतं.

पोटावर पिशवी लावली. आता आयुष्यभर असंच?

या प्रश्नाला बाया-माणसं रडतात, म्हणून जरा सविस्तर. पोट फार घाण असेल, रुग्ण खंगलेला असेल, तर आतड्याची जोडणी टिकत नाही. ती गळली तर जीवावर बेतते. अशा वेळी आतड्याचं तोंड पोटाच्या भिंतीवर आणून ठेवतात. शी तिथून पिशवीत येते. हा जीव वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय आहे, आणि बहुतेक वेळा तो तात्पुरता असतो. वजन आणि रक्त भरून आलं, जखम भरली, की साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा छोटं ऑपरेशन करून आतडं आत घेतात.

तोवर कातडी सांभाळणं महत्त्वाचं. लहान आतड्याचा रस कातडी जाळतो. पिशवीच्या चकतीचं भोक आतड्याच्या तोंडाभोवती नेमकं बसेल एवढंच कापा, मोठं कापलं की उघडी कातडी सोलते. कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, मग चिकटवा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, गच्च भरू दिली तर वजनाने सुटते. शी फार पातळ आणि भरपूर वाहत असेल तर नुसतं पाणी पाजत बसू नका, ओआरएस द्या, आणि लघवी कमी झाली तर त्याच दिवशी या. आतड्याचं ते तोंड लालसर, ओलसर दिसणं चांगलं. काळं पडलं तर लगेच दाखवा. पिशवी कपड्याखाली दिसत नाही. शाळा, देवदर्शन, लग्नकार्य सगळं करता येतं. सुनेला किंवा मुलीला वेगळं बसवण्याचं काही कारण नाही.

इथे होईल का, की पुण्याला न्यायचं? आणि पैशाचं काय?

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून इथे पोटाची ऑपरेशनं होत आली आहेत. उत्तर कर्नाटकातूनही लोक रेल्वेने इथे येतात. सांगली-मिरज, कराड, सातारा या ठिकाणी परफोरेशनचं ऑपरेशन नेहमीचं आहे. चार-पाच तासांचा पुण्याचा प्रवास यात घालवू नका. अन्ननलिका फाटण्यासारखी गुंतागुंत असेल तर पाठवायचं का ते इथले डॉक्टर रुग्ण सावरून ठरवतील.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशन कार्ड आणि आधार दाखवा. कागद घरी राहिले म्हणून रुग्ण थांबवू नका, तातडीच्या वेळी आधी कळवून कागद नंतर देण्याची सोय आहे. शंका असेल तर १५५३८८ वर विचारा.

वाचेल ना?

लवकर आलेला, तरुण, दुसरा आजार नसलेला रुग्ण बहुतेक वेळा बरा होऊन घरी जातो. वय जास्त, येताना शॉक, चोवीस तासांहून जुनं भोक, मूत्रपिंड किंवा फुप्फुस आधीच थकलेलं, यातलं जितकं जास्त तितकी जोखीम वाढते. मोठ्या आतड्याचं भोक मळामुळे अधिक गंभीर. पहिले दोन-तीन दिवस डॉक्टर ठाम उत्तर देत नाहीत, ते यामुळे.

ऑपरेशननंतर पाणी कधी द्यायचं?

आतड्याची हालचाल सुरू झाली, नाकाच्या नळीतून येणारं पाणी कमी झालं, की घोट-घोट. बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास. पाहुण्यांनी आणलेलं शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा ताप, पोट फुगणं, धाप, ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या) नळीतून पित्तासारखं हिरवं येणं, यातलं काही दिसलं तर नर्सला लगेच सांगा, टाका गळत असू शकतो. दुसऱ्या दिवसापासून रुग्णाला उठवून बसवा, चालवा. पायात गुठळी होऊ नये आणि छातीत कफ साठू नये म्हणून ते औषधाइतकंच गरजेचं.

पुन्हा भोक पडू नये म्हणून?

हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्या. सापडला तर साधारण चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स असतो. गोळ्या बऱ्याच असतात, तोंड कडू होतं, पण एकही चुकवू नका. मग महिनाभरानंतर जंतू गेला का ते पुन्हा तपासा. आम्ल कमी करणारी गोळी सांगितलेले आठवडे घ्या. जठराचं भोक असेल तर सहा-आठ आठवड्यांनी दुर्बिणीची तपासणी आवश्यक.

विडी-सिगारेट बंद. मिश्री आणि तंबाखूही सोडा. अंगदुखीला पॅरासिटॅमॉल योग्य मात्रेत चालतं. दुसरी गोळी लागणारच असेल तर डॉक्टरांना ‘माझा अल्सर फुटला होता’ हे पहिलं वाक्य सांगा. हृदयासाठीची अॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती कशी घ्यायची ते विचारून घ्या.

शेतात कधी जाता येईल?

पोट मध्ये उघडलं असेल तर हलकी कामं, म्हणजे गोठ्यात फेरी मारणं, दुकानात बसणं, तीन-चार आठवड्यांनी. पोतं उचलणं, पाठीवरचा फवारणी पंप, उसाची मोळी, मोटारसायकलला किक मारणं किमान तीन महिने नको. पोटाच्या भिंतीला पूर्ण ताकद यायला महिने लागतात आणि मधल्या काळात जोर पडला तर जखमेच्या जागी हर्निया होतो. खोकताना, शिंकताना उशी पोटाशी धरा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. टाक्यांच्या जागी उभं राहिल्यावर फुगवटा दिसला तर दुखत नसलं तरी दाखवून जा.